शेठाणीची साखर

सभागृहात साडेचारशे माणसं होती आणि साडेचारशे डावे हात वर होते. प्रत्येक मनगटावर एक काळं कडं, प्रत्येक कड्याच्या पोटात लुकलुकणारा हिरवा दिवा. खुर्च्या संपल्यामुळे लोक पायऱ्यांवर, खिडक्यांच्या कट्ट्यांवर आणि एकमेकांच्या पायांवर उभे होते. मंचावर मात्र एकच माणूस. दाढी नाही, जटा नाही, राख नाही. पांढरे बूट, गोल गळ्याचा टीशर्ट आणि गालावर बोटभर माइक. जुन्या बुवांचं सगळं सामान त्यानं घरी ठेवलं होतं. आवाज तेवढा सोबत आणला होता.

"शरीर म्हणजे मांस नाही, मित्रांनो! शरीर म्हणजे काय?"

"डेटा!" सभागृह गरजलं.

"आणि डेटा काय करतो?"

"बोलतो!"

"मग तो आपल्याला ऐकू का येत नाही?"

यावर काय ओरडायचं ते आधी सांगितलेलं नव्हतं. सभागृह अपराधी चेहऱ्यानं गप्प बसलं.

"कारण आपण नेटवर्कच्या बाहेर आहोत!"

टाळ्यांचा कडकडाट. एक आजोबा तर खिशातून फोन काढून रेंज बघायला लागले.

त्या माणसाला सगळे डेटागुरू म्हणत. त्यानं स्वतःला तसं कधीच म्हणवून घेतलं नाही, फक्त पत्रकांवर तसं छापलं होतं. कड्याचं नाव 'प्राणवलय'. ते एकवीस दिवस डाव्या मनगटावर घालायचं, की ते रक्ताचा थेंबही न काढता साखर मोजणार, नाडी मोजणार, मनाची अवस्था सांगणार आणि त्यावरून तुमच्यासाठी, फक्त तुमच्यासाठी, एक भुकटी तयार होणार.

"तुमचा डॉक्टर काय करतो? तुम्ही शंभर किलोचे, शेजारचा पन्नासचा, दोघांना गोळी एकच! ही आरोग्यसेवा नाही, हे रेडीमेड कपड्यांचं दुकान आहे! लहान, मध्यम, मोठा! आम्ही देतो तुमच्या मापाचं आरोग्य!"

माझ्या शेजारी बसलेली माझी आत्या इथे विरघळली. आत्या तीस वर्षं मापाचे कपडे शिवते. 'रेडीमेड' हा शब्द ती एखाद्या साथीच्या रोगासारखा उच्चारते.

"बघ," ती माझ्या कानात म्हणाली, "हे मी केव्हापासून सांगतेय."

"तू ब्लाउजबद्दल सांगत होतीस, आत्या."

"तत्त्व तेच."

मंचावर पुढचा चमत्कार सुरू झाला होता. "तिकडे ढगात तुमचा एक जुळा राहतो! डिजिटल जुळा! कडं तुमची बित्तंबातमी त्याला कळवतं. औषध आधी त्याला, मग तुम्हाला. जुळ्याला जे लागू, ते तुम्हाला लागू!"

मग नोंदणी झाली. फोनवर बासष्ट प्रश्न. तुम्ही कुठल्या कुशीवर झोपता? पहाटे जाग येते का? लहानपणी कशाची भीती वाटायची? शेवटच्या तपासणीत साखर किती होती? राग आला की आधी काय गरम होतं, कान की तळवे? आत्यानं चष्मा पुसून एकेक उत्तर भरलं. साखरेचा आकडा तपासणीच्या कागदावर बघून लिहिला: २५५.

"आत्या, रक्त न काढता मनगटावरून साखर कशी कळेल? जगभर लोक त्यावर डोकं फोडतायत, अजून जमलेलं नाही."

"तू शिकलीस ते जुनं झालं असेल."

मी संख्याशास्त्राची पदवी घेऊन अकरा महिने झाले होते.

"आणि एक सांगू?" आत्या फोन पर्समध्ये ठेवत म्हणाली. "इतक्या वर्षांत दवाखान्यात मला कुणी एवढे प्रश्न विचारले नाहीत."

हे खोटं नव्हतं. पुढे डॉक्टरांनीही ते कबूल केलं, ते नंतर.

*

हार्डवेअरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, आत्याचा शिवणाचा कारखाना आहे. लाकडी फळ्यांची जमीन, आठ यंत्रं, इस्त्रीचं टेबल, आणि मधोमध पांढरी चादर अंथरलेली बेतणीची जागा. बेतताना आत्या चपला काढून चादरीवर उतरते. कोपऱ्यात शेठाणी. शेठाणी म्हणजे फिटिंगची डमी: कापडाची, कापूस भरलेली, एका खांबावर उभी, मानेपाशी संपलेली. सव्वीस वर्षांपूर्वी आत्यानं ती स्वतःच्या मापावर करून घेतली आणि बाह्या बसवायला म्हणून तिला एक कापसाचा डावा हातही शिवला. काज-बटणं करणारी बाई तिला येता-जाता सुनावते, "शेठाणी, उभ्या काय, जरा हात लावा की कामाला!"

सतराव्या दिवशी मी एक बाही सैल करून घ्यायला तिथे गेले. आत्या चादरीवर वाकून खडूनं रेघा मारत होती. ती जिकडे जिकडे पाय ठेवून सरकत होती, तिकडे तिकडे एक लाल ठिपका उमटत होता.

"आत्या, थांब! पाय दाखव."

"काय झालं पायाला?"

तळव्यात टाचणी होती. मोडकी, अर्धी आत. भोवतालचा भाग सुजून टणक झालेला आणि कडेला जांभळा रंग. एक-दोन दिवसांची जखम नव्हती ती.

"दुखलं नाही तुला?"

"नाही गं. खरंच नाही." ती स्वतःच चकित झाली होती. टाचणी रुतली आणि कळलं नाही, असं तीस वर्षांत झालं नव्हतं.

काजवाली यंत्र थांबवून आली. "ताई, मी म्हणत नव्हते? चार दिवस झाले, तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नाहीये. सारखं मला हाक मारताय."

"अगं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. साखर तर उत्तम आहे. हे बघ." आत्यानं फोन पुढे केला. हिरव्या पडद्यावर हसरा चेहरा: साखर १३६, नाडी ७१, चार हजार पावलं, मन प्रसन्न.

"साखरेचं इंजेक्शन घेतेस ना?"

आत्या खडूकडे बघायला लागली. काजवालीनं सांगितलं, "बंद केलंय त्यांनी. गोळ्यासुद्धा. दहा दिवस झाले. फोनवर निरोप आला होता."

मी निरोप वाचला. 'तुमच्या जुळ्याला बाहेरची औषधं अडथळा ठरत आहेत असे दिसते. निर्णय तुमचा.' शेवटचे दोन शब्द ढगातून आले नव्हते. ते वकिलाच्या टेबलावरून आले होते.

मी आत्याचं मनगट धरलं. त्यावर कडं नव्हतंच. तिथे टाचण्यांची गादी बांधली होती, जी तिथे तीस वर्षं आहे.

"कडं कुठंय तुझं?"

आत्यानं नजर चुकवली. काजवालीनं हसू दाबलं. आणि मला कोपऱ्यात एक हिरवा दिवा लुकलुकताना दिसला.

प्राणवलय शेठाणीच्या कापसाच्या हातावर होतं.

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून," आत्या म्हणाली. "डाव्या हाताला गादी लागते, उजव्या हाताला घातलं तर कापडात अडकतं. आणि काढून ठेवलं की ते फोनवर 'संधान तुटले, संधान तुटले' असं रडतं. मग म्हटलं, हिला घालू."

"आत्या! ही कापसाची आहे!"

"पण माझ्या मापाची आहे," आत्या ठामपणे म्हणाली. "अगं, सव्वीस वर्षं मी माझे कपडे हिच्यावर बसवते. हिला बसलं की मला बसतं, एक टाका इकडचा तिकडे करावा लागत नाही. आणि ते म्हणालेच होते ना, जुळ्याला जे लागू ते आपल्याला लागू? माझी जुळी हीच."

मी हसणार होते. पण खाली चादरीवर लाल ठिपके होते. आणि खरं सांगायचं तर डेटागुरूच्या व्याख्यानातून इतका सुसंगत निष्कर्ष त्या सभागृहात दुसऱ्या कुणीही काढला नव्हता.

*

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बोटातून थेंब काढला, पट्टीवर घेतला, आणि छोट्या यंत्राचा पडदा आमच्याकडे वळवला. ३४८.

"पण फोनवर १३६ आहे," आत्या पुटपुटली.

"ती कुणाची साखर आहे?"

"शेठाणीची," मी म्हणाले आणि कोण ती हेही सांगितलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या आत्याच्या पायाशी बसून तळव्यावर ठिकठिकाणी एक बारीक तार टेकवत होत्या.

"हे कळतंय? इथे? आता?"

"नाही."

"ताई, पायाची जाणीव कमी झालीय, म्हणून टाचणी कळली नाही. ती बरीच आधीपासून कमी होत असणार. त्यात दहा दिवस औषध बंद, म्हणून डोळ्यांपुढे धूसर आणि जखमेत पू. अजून आठवडा गेला असता तर मी टाचणीबद्दल बोलत नसते, पायाबद्दल बोलत असते. आताही खात्री देत नाही. रोज पट्टी बदलायला यायचं."

शिवणयंत्राचं पायडल चालवणारा पाय तोच होता, उजवा.

"चूक माझीही आहे," डॉक्टरीणबाई हात धूत म्हणाल्या. "गेल्या वेळी बाहेर चाळीस माणसं होती, मी तुम्हाला दोन मिनिटांत घालवलं. तळवा बघायला हवा होता, बघितला नाही. आता सांगा, जेवता किती वाजता?"

"ऑर्डर असली की तीनला. कधी चारला."

"आणि इंजेक्शन?"

"एकला. तुम्ही 'दुपारी जेवणाआधी' लिहून दिलंय ना. कागदावर एक वाजता छापलंय."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणून तुम्हाला दोनच्या सुमारास घाम यायचा का? थरथर?"

"यायचा की. मला वाटलं, इस्त्रीची वाफ."

बासष्ट प्रश्नांत हा प्रश्न नव्हता.

*

कारखान्यातल्या काजवालीनं आणि इस्त्रीवाल्या काकांनीही आत्याबरोबर त्याच सभेत कडी घेतली होती. घरी येऊन मी तिघांचे फोन मागून घेतले आणि सतरा दिवसांचे आकडे कागदावर उतरवले. माणसाची साखर दिवसभर वर-खाली होते. जेवण, झोप, धावपळ, भांडण, सगळ्याचा परिणाम होतो. आत्याची मात्र जिना उतरावा तशी उतरत होती: २५५, २४८, २४१, २३४. रोज बरोबर सात. काजवालीनं पहिल्या दिवशी १७१ लिहिले होते, तिची रोज तीननं खाली. काकांनी १२९ लिहिले होते, त्यांची रोज एकनं.

तीन रेघा काढल्या आणि पुढे वाढवल्या. तिन्ही एकविसाव्या दिवशी एकाच ठिकाणी भेटत होत्या: १०८.

एवढंच होतं ढगात. तुम्हीच लिहिलेला आकडा घ्यायचा, त्यातून १०८ वजा करायचे, उरलेल्याचे एकवीस समान भाग करायचे आणि रोज एक भाग काढून टाकायचा. कडं म्हणजे बाजारात कुठेही मिळणारं पावलं आणि नाडी मोजणारं साधं घड्याळ, पट्टा तेवढा नवा. साखर मोजणारं त्यात काहीच नव्हतं. बासष्टपैकी कामाचा प्रश्न एकच होता. बाकीचे एकसष्ट त्याला गर्दीत लपवायला होते.

दुसऱ्या दिवशी काजवालीनं नखानं पहिल्याच आठवड्यात घरपोच आलेल्या आपल्या भुकटीच्या डबीवरची नावाची चिठ्ठी खरवडली. खाली दुसरी चिठ्ठी, त्यावर इस्त्रीवाल्या काकांचं नाव.

"अगं बाई! उसवून पुन्हा शिवलंय!" ती म्हणाली.

त्याच दुपारी आत्याला फोन आला. औषधं सोडून सर्वांत मोठी झेप घेणाऱ्या 'आदर्श देहधारक' म्हणून समारोपाला मंचावर त्यांचा गौरव होणार होता.

"मी नाही जाणार," आत्या म्हणाली. "लोक हसतील मला. एवढी मोठी बाई, बाहुलीच्या हातात कडं."

जाणं-न जाणं तिचं होतं. आत्यानं पट्टी बांधलेला पाय स्टुलावर ठेवला आणि शेठाणीकडे बघितलं.

"त्या दिवशी माझ्या पलीकडे एक बाई बसली होती," ती शेवटी म्हणाली. "मांडीवर मुलगी, सहा-सात वर्षांची. मुलीला इंजेक्शनं चालू होती. तिनंही दोन कडी घेतली."

मग ती उठली. "शेठाणीला चादर गुंडाळ. टेंपो सांग."

*

एकविसाव्या दिवशी सभागृहातल्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत झळकत होतं: 'आजची सभागृहाची साखर: १०८'. साडेचारशे माणसं, आणि सगळ्यांची साखर १०८. लोक एकमेकांचे फोन बघून गहिवरत होते. सगळ्यांसाठी वेगळं माप, वेगळी भुकटी, वेगळा जुळा, आणि उत्तर मात्र एकच. शाळेत असं झालं तर मास्तर विचारतात, कॉपी कुणी कुणाची केली? इथे त्याला 'सामूहिक समतोल' असं नाव होतं.

"आणि आता आपल्या आदर्श देहधारक!" डेटागुरूनं हात पसरले. आत्या लंगडत मंचावर गेली. मागून मी आणि काजवाली, चादरीत गुंडाळलेली शेठाणी उचलून.

"ताईंनी भेट आणलेली दिसते!" डेटागुरू खूश झाला. "पण आधी ताईंचा देह काय बोलतोय ते ऐकू या. थेट! आत्ता!"

पडद्यावर आकडे आले. नाडी ७३. साखर १०८. मन: प्रसन्न.

"बघा! एका जागृत देहाची नाडी! शांत, स्थिर, निर्मळ! ताई, सांगा सगळ्यांना, हा देह कुणाचा?"

"हिचा," म्हणत आत्यानं चादर ओढली.

डोकं नसलेली शेठाणी कापसाचा हात पुढे करून उभी होती. हातावर हिरवा दिवा लुकलुकत होता.

सभागृहात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. आत्याला कळली नसती, इतकाच फरक.

"वीस दिवस कडं हिच्याच हातावर आहे," आत्या माइकशिवायच म्हणाली. शिवणयंत्रांच्या आवाजावरून बोलायची तिला सवय आहे. "हिला डोकं नाही, म्हणून हिचं मन प्रसन्न. माझी साखर चार दिवसांपूर्वी ३४८ होती. हा पाय बघा."

डेटागुरू क्षणभरच अडखळला. "मित्रांनो, यालाच म्हणतात प्रगत संधान! ताईंची ऊर्जा इतकी प्रबळ की ती निर्जीव वस्तूत उतरली!"

आणि टाळ्या पडल्या! खरंच पडल्या. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी शेजाऱ्याला विचारलंही, "अशी बाहुली कुठे मिळते हो?"

मग मी माइक घेतला. "नोंदणीच्या दिवशी तुम्ही स्वतः साखरेचा जो आकडा लिहिलात तो मला सांगा. दहाव्या दिवशी तुमच्या फोनवर काय होतं ते मी सांगते."

"दोनशे तेरा!" मागून आवाज.

"दहाव्या दिवशी १६३."

फोन उघडून तोच आवाज म्हणाला, "बरोबर!"

"एकशे ब्याण्णव!"

"१५२."

"अगदी बरोबर!"

"दीडशे!"

"१३०."

सभागृहात कुजबुज उसळली. पहिल्या रांगेतल्या एक आजी लगबगीनं उठल्या, मंचाशी आल्या आणि त्यांनी मला हात जोडले. "बाळ, माझ्या गुडघ्याचंही सांग ना."

मागे रांग लागायला सुरुवात झाली होती. त्या पाच मिनिटांत मी ठरवलं असतं तर आज माझीही पत्रकं छापलेली असती.

"अहो, उठा!" आत्या ओरडली. "वजाबाकी करतेय ती! पोरगी नुसती वजाबाकी करतेय!"

मी ती वजाबाकी मंचाच्या कोपऱ्यातल्या फळ्यावर मांडली. फोन निघाले, आकडेमोड सुरू झाली, आणि एकेक माणूस मान वर करून डेटागुरूकडे बघायला लागला.

"पण नाडी? नाडी कशी आली बाहुलीला?" कुणीतरी विचारलं.

"हा दिवा त्वचेवर उजेड टाकतो आणि परत येणाऱ्या उजेडाची थरथर मोजतो. मनगटावर ती थरथर रक्ताची असते. कापसावर ती कारखान्यात शिवणयंत्रांच्या हादऱ्याची असते, इथे मंचाच्या. घड्याळाला फरक कळत नाही, ते थरथर मिळाली की तिला नाडी म्हणतं. फळ्यांची जमीन हलली की पावलंही मोजतं."

"पण मला बरं वाटतंय त्याचं काय?" एक गृहस्थ चिडून म्हणाले.

"तुम्ही रोज चालताय का?"

"तासभर. कडं सांगतं ना."

"मग ते तुमच्या पायांनी केलंय, काका. श्रेय त्यांना द्या."

लोक हसले. ती मुलीची आई मात्र हसली नाही. ती उभी राहिली. "माझ्या मुलीचं इंजेक्शन... मी अर्धं केलंय," ती म्हणाली. आत्या पायऱ्या उतरून, पट्टीवर भार देत, तिच्यापर्यंत गेली. दोघी मुलीला घेऊन तशाच दवाखान्याकडे निघाल्या. डेटागुरूला शोधावं लागलं. मागच्या दारापाशी पांढऱ्या बुटांचे ठसे होते, माइक खुर्चीवर होता. तक्रार दिली आहे, तपास चालू आहे. मध्यंतरी त्याच आवाजाची जाहिरात दुसऱ्या नावानं दिसली, त्यात कड्याऐवजी अंगठी होती.

*

त्या सभेत मला कुणीतरी विचारलं, म्हणजे आता यंत्रांवर विश्वास ठेवायचाच नाही का? तसं मी मुळीच म्हणत नाही. आत्याच्या दंडावर आता एक खरी चकती आहे. तिची बारीक तार कातडीखाली जाते, दर काही मिनिटांनी आकडा फोनवर येतो, आणि तो बोटातल्या थेंबाशी ताडून बघता येतो. त्या आकड्यांवरूनच डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनची वेळ आत्याच्या उशिराच्या जेवणाला जोडून दिली. आत्याची साखर आता कधी १४०, कधी १९०, एकदा तर लग्नाच्या ऑर्डरीच्या गडबडीत २२० झाली. जिना नाही, डोंगरवाट. जिवंत माणसाची असते तशी. माणसागणिक औषध ठरवणं ही थाप नाही. चांगले डॉक्टर तेच करायला बघतात, आणि यंत्रं त्यांना मदत करू शकतात. पण जो आकडा तुमच्यापर्यंत येतो तो कुठून निघाला, हे विचारायला पदवी लागत नाही. कशानं मोजलं? कशाशी ताडून बघितलं? चुकलं तर कळणार कसं? उत्तर मिळालं तर ते विज्ञान. टाळ्या मिळाल्या तर उठून घरी जा. आणि मी सांगते म्हणूनही काही मानू नका. वजाबाकी स्वतः करून बघा.

आत्याचा पाय वाचला. दोन महिने लागले. आता ती चादरीवर जाड मोजे घालून उतरते आणि रोज रात्री आरशात तळवे बघते. लोक तिला हसले का? थोडे हसले. तिनंही हसून घेतलं.

"चूक काय झाली माहितेय?" ती एकदा टाके घालता घालता म्हणाली. "माप घ्यायचं तर टेप अंगाला लागायला हवी. त्यानं लांबूनच माप सांगितलं, आणि मी शिंपीण असून ऐकलं."

गेल्या आठवड्यात कारखान्यात एक टापटीप तरुण आला. त्याच्याकडे चुंबकाची उशी होती. ती पाठीला लावली की म्हणे मणका स्वतःहून सरळ होतो. आत्यानं त्याचं सगळं ऐकून घेतलं, त्याला पाणी दिलं, बसायला स्टूल दिलं.

"चांगली वाटतेय," ती म्हणाली आणि कोपऱ्याकडे वळली. "थांबा हं. आधी शेठाणीला लावून बघू."